चारही चाकांची ओढ

चार चाकांची मोटार म्हटली की तिची चारही चाके तिला चालवीत असतात, असा आपला एक सहज समज असतो. वस्तुतः बहुतेक गाड्यांत इंजिनाची शक्ती दोनच चाकांना मिळते. उरलेली दोन चाके भार वाहतात आणि निमूटपणे बरोबर येतात. भाजीपाला, दूध, खते, घरचे सामान वाहणारी जी उघड्या हौद्याची लहान मालमोटार, जिला सर्वजण पिकअप म्हणतात, तिच्यात ही शक्ती सामान्यतः मागच्या दोन चाकांकडे गेलेली असते. डांबरी रस्त्यावर ही व्यवस्था उत्तम चालते. परंतु मृगाचा पाऊस पडून गेल्यावर तीच गाडी रस्ता सोडून काळ्या जमिनीत उतरली, की मागचे चाक जागच्या जागी गरगरा फिरू लागते आणि दर फेऱ्यागणिक आपलीच खाच खोल करीत जाते. पुढची दोन चाके हा तमाशा स्वस्थ उभी राहून पाहात असतात. अशा वेळी मालकाच्या मनात साहजिकच येते, की या दोन आळशी चाकांनाही कामाला लावता आले तर काय बहार होईल!

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. दोन चाकांच्या ओढीची पिकअप घेऊन तिला चारही चाकांची ओढ देता येते काय, ती देताना काय काय करावे लागते, आणि एवढे करून जे पदरात पडते ते खर्ची पडलेल्या पैशाच्या आणि पत्करलेल्या धोक्याच्या मानाने पुरेसे असते काय, या तीन प्रश्नांचा विचार आपण करू.

प्रथम लाभाचा हिशोब मांडू. चाकाची जमिनीवरील पकड दोन गोष्टींवर अवलंबून असते: त्या चाकावर भार किती आहे, आणि जमीन कशी आहे. एका रिकाम्या पिकअपचे वजन १,६०० किलो आहे व त्यापैकी ९०० किलो पुढच्या चाकांवर आणि ७०० किलो मागच्या चाकांवर पडते, असे धरून चाला. ओल्या मातीत चाकावरील भाराच्या सुमारे तीन-दशांश इतकी पकड मिळते असे मानले, तर मागची दोन चाके फार तर २१० किलोंची ओढ देऊ शकतील. तीच शक्ती चारही चाकांना वाटून दिली, तर ओढ ४८० किलोंपर्यंत जाईल. आता पाच मीटर चालल्यावर एक मीटर उंची गाठणारा चढ समोर आहे असे समजा. या गाडीला तो चढून जाण्यास स्थूलमानाने ३२० किलोंची ओढ पाहिजे. मागच्या चाकांना ते अशक्य. चारही चाकांना ते सहज शक्य. इंजिन तेच, इंधन तेच, चालकही तोच. जी पकड पुढच्या चाकांखाली व्यर्थ पडून होती ती वापरात आली, एवढाच काय तो फरक.

याच हिशोबावरून आणखी एक गोष्ट उलगडते. पिकअप भरलेली असताना जितकी रुतते त्याहून रिकामी असताना अधिक रुतते, असा पुष्कळांचा अनुभव आहे. मालाचा बहुतेक भार मागच्या चाकांवर येत असल्यामुळे भरल्या गाडीची पकड वाढते. रिकाम्या गाडीचा मागचा भाग हलका राहतो आणि चाक घसरते. चारही चाकांच्या ओढीची खरी गरज पिकअपला भासते ती अशी परतीच्या वाटेवर.

हा झाला लाभ. परंतु लाभाच्या जोडीला जो भ्रम येतो तो येथेच दूर केला पाहिजे. चारही चाकांची ओढ गाडीला पुढे नेते. ती गाडीला थांबवीत नाही. थांबविण्याचे काम ब्रेकचे आहे, आणि ब्रेक तर साध्या गाडीलाही चारही चाकांना असतातच. म्हणजे निसरड्या रस्त्यावर थांबण्यास जे अंतर दोन चाकांच्या ओढीच्या गाडीस लागते, तेवढेच चारांच्या गाडीसही लागते. बसविलेल्या सामानाने वजन वाढले असल्यास उतारावर ब्रेकांवरचा ताण मात्र वाढतो. वळणाचीही तीच गोष्ट. घाटातील ओल्या वळणावर गाडी बाहेर फेकली जाऊ लागली, तर तिला धरून ठेवणारी वस्तू म्हणजे टायर आणि मर्यादित वेग. चार चाके ओढीत आहेत या भरवशावर जो वेग वाढवितो, तो सहज निघता येईल इतपत चिखलातून सुटून, जेथून निघणे कठीण अशा संकटात जाऊन पडतो.

दुसरी मर्यादा यंत्राच्या घडणीतच आहे. डाव्या आणि उजव्या चाकांच्या मध्ये डिफरन्शियल नावाची दंतचक्रांची जुळणी असते. वळताना बाहेरच्या चाकाला अधिक व आतल्याला कमी धावता यावे, ही सोय ती करते. परंतु दोन्ही चाकांना बळ मात्र सारखेच पुरविते. एक चाक अधांतरी गेले आणि त्याला फिरविण्यास नाममात्र बळ पुरू लागले, की दुसऱ्या चाकालाही तेवढेच नाममात्र बळ मिळते. म्हणून पुढचे एक आणि मागचे एक अशी तिरपी दोन चाके उचलली गेली, तर चारांची ओढ असलेली गाडीही लाचार उभी राहते. डिफरन्शियल जखडून टाकणारी यंत्रणा असेल तर गोष्ट वेगळी. पण ती स्वतंत्र बाब आहे आणि तिचा खर्चही स्वतंत्र आहे.

आता रूपांतर कसे होते ते पाहू. गिअरपेटीच्या पाठीमागे ट्रान्सफर केस नावाची आणखी एक पेटी बसवावी लागते. आलेल्या शक्तीच्या ती दोन वाटा करते: एक मागे, एक पुढे. बहुधा या पेटीत हळू चालीचीही सोय असते. ती घातली की वेग निम्म्यावर येतो आणि चाकांवरचे बळ सुमारे दुप्पट होते. अवघड चढावर किंवा तीव्र उतारावर ही हळू चालच पुष्कळदा अधिक उपयोगी पडते. पेटी मध्ये आल्यामुळे मागे जाणारा लांब शाफ्ट कापून आखूड करावा लागतो आणि पुन्हा समतोल करून घ्यावा लागतो. पुढे जाण्यासाठी नवा शाफ्ट लागतो, आणि तो इंजिनाच्या बाजूने नेण्यास जागा लागते. त्याच्या टोकाला पुढचा नवा आस, म्हणजे मिस्त्री लोक ज्याला एक्सल म्हणतात तो, आपल्या स्वतंत्र डिफरन्शियलसह बसवावा लागतो.

पुढच्या आसाचीच खरी कसोटी असते. मागच्या चाकाला फक्त फिरावयाचे असते. पुढच्याला फिरावयाचे आणि वळावयाचेही असते. वळलेल्या चाकाला शक्ती पोहोचवावयाची तर मध्ये सांधा पाहिजे. मिस्त्री ज्याला नुसता ‘क्रॉस’ म्हणतात तो साधा सांधा येथे पुरा पडत नाही. चाक ३० अंश वळलेले असेल, तर हा सांधा आत येणाऱ्या सम गतीची विषम गती करून टाकतो: एकाच फेऱ्यात चाक दोनदा सुमारे १३ टक्के मंद आणि दोनदा सुमारे १५ टक्के जलद होते, आणि त्याचे हिसके चालकाच्या हाती स्टिअरिंगवर जाणवतात. अमेरिकेत विस्कॉन्सिन संस्थानातील क्लिंटनव्हिल गावच्या ऑटो झाकाऊ आणि विल्यम बेसरडिच या दोघा मेहुण्यांनी गोलकाच्या आत दुहेरी सांधा बसवून या अडचणीतून वाट काढली व १९०८ साली त्याचे पेटंट मिळविले. पुढे १९२० नंतरच्या दशकात अल्फ्रेड झेपा या अभियंत्याने पोलादी गोळ्यांचा, सम गती कायम राखणारा सांधा तयार केला. पुढच्या चाकांना ओढ देणाऱ्या आजच्या असंख्य मोटारींत त्याच जातीचा सांधा फिरत आहे.

सर्व भाग मिळाले आणि बसविलेही, तरी एक गोष्ट उरतेच. आणि माझ्या मते या विषयाचे मर्म तीत आहे. चारही चाकांचे आपसांत जुळले पाहिजे. हे कसे, ते एका साध्या हिशोबाने सांगतो. गाडीच्या पुढच्या व मागच्या आसांत ३ मीटर अंतर आहे आणि ती अर्धे वर्तुळ घेऊन मागे वळत आहे, असे समजा. मागच्या आसाचा मध्य ६ मीटर त्रिज्येवरून गेला, तर पुढच्या आसाचा मध्य सुमारे ६.७ मीटर त्रिज्येवरून जातो. त्या अर्ध्या वर्तुळात मागची चाके साधारण १९ मीटर चालतात, पुढची २१ मीटरांहून थोडी अधिक. फरक सव्वादोन मीटरांचा. म्हणजे ७० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाचा एक संपूर्ण फेरा! पुढचे व मागचे शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये एकमेकांशी जखडलेले असतील, तर हा जास्तीचा फेरा यावयाचा कोठून? चिखलात चाके थोडीशी घसरून तो हिशोब आपोआप मिटवितात. कोरड्या डांबरावर त्यांना घसरता येत नाही. मग तो फरक पीळ होऊन शाफ्टांत आणि दंतचक्रांत साठत जातो, गाडी वळताना अडखळते, आणि शेवटी दुबळा भाग तुटतो. म्हणूनच अशा गाडीत चारांची ओढ केवळ चिखल, वाळू, बर्फ यांतच घालावयाची, आणि पक्का रस्ता लागताच काढून टाकावयाची असा दंडक आहे. काही गाड्यांत मधोमध तिसरे डिफरन्शियल बसवून हा फरक कायमचा निस्तरलेला असतो. पण घरगुती रूपांतरात ती सोय क्वचितच असते.

वळणावरचा फरक निदान वळणापुरता असतो. पुढच्या आणि मागच्या आसांतील दंतचक्रांचे प्रमाणच वेगळे असेल, तर मात्र सरळ रस्त्यावरही झगडा चालू राहतो. मागे शाफ्टच्या ४.१० फेऱ्यांना चाकाचा एक फेरा, आणि पुढे भंगारातून आणलेल्या आसात ३.७३ फेऱ्यांना एक, असे असल्यास मागची चाके एक किलोमीटर चालतील तेवढ्यात पुढची चाके जवळजवळ १०० मीटर अधिक चालू पाहतील. जुवाला जोडलेल्या दोन बैलांपैकी एकाने चालावे आणि दुसऱ्याने पळावे, तशातला हा प्रकार आहे. पुढचे टायर एका मापाचे आणि मागचे दुसऱ्या मापाचे असले, तरी हेच घडते. बाजारात स्वस्तात मिळाला म्हणून कोणताही आस उचलून आणणाऱ्याची फजिती होते ती बहुधा येथे.

ज्यांनी हे काम धंदा म्हणून यशस्वीपणे केले, त्यांनी ही जुळणी आधी साधली होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. इंडियानापोलिस येथील मार्मन-हेरिंग्टन ही कंपनी १९३१ साली निघाली आणि १९३५ पासून फोर्डच्या मालमोटारींना चारही चाकांची ओढ देऊ लागली. महायुद्धाने जीप घरोघरच्या बोलण्यात आणली. १९४६ मध्ये डॉज कंपनीने कारखान्यातूनच चार चाकांच्या ओढीची ‘पॉवर वॅगन’ सामान्य ग्राहकांस विकावयास काढली. १९४८ मध्ये सिअॅटल येथे आर्थर वॉर्न यांनी, हव्या त्या वेळी पुढची चाके शाफ्टांपासून मोकळी करता येतील असे हब बनविण्यास प्रारंभ केला. त्यामुळे युद्धातून उरलेल्या जीप पक्क्या रस्त्यावर नाहक पुढची यंत्रणा फिरवीत बसण्यापासून वाचल्या. आणि मिनिआपोलिसच्या नॅप्को कंपनीने शेव्हरोले आणि जीएमसी पिकअपसाठी रूपांतराचा संपूर्ण संचच बाजारात आणला. त्या संचाच्या पुढच्या आसातील डिफरन्शियल जनरल मोटर्सच्याच मागच्या आसाच्या घडणीचे होते, त्यामुळे पुढचे आणि मागचे प्रमाण जुळविण्याचा प्रश्नच निकालात निघाला. १९५७ पासून तर शेव्हरोलेच्या गिऱ्हाइकाला ही व्यवस्था कारखान्यातूनच मागविता येऊ लागली.

तथापि या धंद्याचा पुढचा इतिहासही तितकाच बोलका आहे. १९५९ मध्ये फोर्डने आणि १९६० मध्ये जनरल मोटर्सने चार चाकांच्या ओढीच्या पिकअप स्वतःच बनविण्यास सुरुवात केली, आणि रूपांतराच्या संचांची गरज पाहता पाहता ओसरली. जी गोष्ट कारखान्यात आरंभीच आखून करता येते, ती मागाहून करण्यात खर्च अधिक आणि खात्री कमी, हे गिऱ्हाइकाने आपल्या खिशावरून ओळखले.

कोणी म्हणेल, त्या काळी शक्य होते ते आज अधिकच सोपे झाले असेल. वस्तुस्थिती उलट आहे. त्या जुन्या पिकअपना पुढेही मागच्यासारखाच एकसंध आस आणि त्याखाली पाटे असत. जुना आस काढून नवा त्याच जागी बसविता येई. आजच्या पुष्कळ पिकअपमध्ये पुढची दोन चाके स्वतंत्रपणे खालीवर होणारी असतात. तेथे एकसंध आस घालावयाचा तर मूळची सारी रचना कापून काढून चासीवर नवे आधार वितळजोडाने बसवावे लागतात. आस इंजिनाच्या तेलाच्या पात्राला आपटू नये म्हणून गाडी उंच करावी लागते. उंच गाडी वळणावर लवकर कलंडते. स्टिअरिंगच्या दांड्यांचे कोन बदलतात, आणि खड्ड्यात चाक गेले की गाडी आपोआप बाजूला खेचली जाऊ लागते. ब्रेकच्या नळ्या तोकड्या पडतात. चाकांची गती मोजून ब्रेक आवरणारी विद्युत्-यंत्रणा गाडीत असेल, तर तिचे मोजमापही बिघडते. यांपैकी एकही दोष अंगणात उभ्या गाडीत दिसत नाही. तो दिसतो भर वेगात, आणि तेव्हा गाडीत माणसे बसलेली असतात.

आपल्या देशात या प्रश्नाला कायद्याचीही बाजू आहे, आणि ती शहरातील ज्या कुटुंबांची गावाकडे शेती आहे व जी असा विचार मनात घोळवीत आहेत त्यांनी आधी जाणून घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमाने, नोंदणीपत्रातील तपशील कारखानदाराच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करण्यास मालकास मनाई केली आहे. मान्यताप्राप्त संच बसवून इंधन बदलण्यासारखे ठराविक अपवाद त्यात आहेत. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. त्याहून जाचक गोष्ट विम्याची. फेरफार केलेल्या गाडीला अपघात झाला असता विमा कंपनीने हात वर केले, तर जखमी माणसाच्या भरपाईचा भार कोणाच्या घरावर पडेल, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या घरी बसून करावा.

मग रुतणाऱ्या पिकअपच्या मालकाने करावे तरी काय? पहिला उपाय टायरांचा. झिजलेले, गुळगुळीत टायर बदलून चिखलास योग्य, खोल खाचांचे टायर घातले, तर पुष्कळांची अडचण तेथेच संपते. दुसरा उपाय भाराचा. रिकाम्या गाडीत मागच्या आसाच्या बरोबर वर २०० किलो वाळूची पोती नीट बांधून ठेवली, तर आपल्या उदाहरणातील गाडीची ओढ २१० किलोंवरून २७० किलोंवर जाते. गाडीचे वजन वाढले हे जमेस धरूनही चढण्याची ताकद वाढतेच. तिसरा उपाय वाटेचा: शेताच्या तोंडाशी जेथे दर वर्षी गाडी अडते, तेवढ्या वीस-पंचवीस हात जागेत मुरूम आणि दगड घालून पाण्याला चर काढून देणे. गाडी सुधारण्यापेक्षा वाट सुधारणे पुष्कळदा स्वस्त पडते, आणि त्याचा लाभ शेजाऱ्यालाही होतो. चौथा उपाय डिफरन्शियल जखडण्याची सोय कारखान्यातूनच ज्या गाडीत आली आहे अशी गाडी निवडण्याचा.

आणि इतके करूनही ज्याचे काम अडते, ज्याला डोंगरातील कच्च्या वाटेने रोज जाणे भागच आहे, त्याने आपली गाडी विकून कारखान्यातूनच चार चाकांच्या ओढीची आलेली गाडी घ्यावी. नवी परवडत नसेल तर वापरलेली घ्यावी. परंतु घेताना चारही टायर एका मापाचे आहेत काय, ओढ घालता व काढता येते काय, आणि मोकळ्या मातीत वळवून पाहता पुढच्या सांध्यांतून कटकट असा आवाज येतो काय, एवढे तरी पाहून घ्यावे. जेथे कायदा परवानगी देतो अशा देशात रूपांतरच करावयाचे ठरले, तर त्याच जातीच्या, कारखान्याने चार चाकांच्या ओढीची म्हणूनच बनविलेल्या गाडीचे सर्व भाग एकत्र घ्यावेत. दहा गाड्यांचे दहा भाग जमवू नयेत.

दोन चाकांची ओढ चारांची करणे यंत्रशास्त्राला अशक्य नाही, हे गेल्या शंभराहून अधिक वर्षांत पुन्हा पुन्हा सिद्ध झाले आहे. परंतु ज्यांनी ते केले त्यांनी नुसती दोन चाके जोडली नाहीत; पुढचे आणि मागचे, बळ आणि ब्रेक, उंची आणि तोल यांचा मेळ बसविला. तो मेळ आपल्या मिस्त्रीला बसविता येईल काय, हा प्रश्न ज्याने पैसे देण्याआधी विचारला, त्याचे पैसे तर वाचतीलच, आणि ती गाडी घेऊन घाट उतरणाऱ्या चालकाची काळजीही वाचेल.